खोडलेली डिस्क

१

टेकडीवरच्या रेडिओ केंद्रातून एक डिस्क नाहीशी झाली आणि गुलू गावात त्या दिवशी कितीतरी बायकांच्या घशाखाली घास उतरला नाही.

तशी वस्तू केवढी? तळहातावर मावणारी, लोखंडी, जुनी. बाजारात नेली तर तिच्या बदल्यात कुणी कोंबडीसुद्धा देणार नाही. पण तिच्यात आवाज होते. लढाईच्या वर्षांत जंगलातून पळून आलेली पोरं त्या केंद्रात, बंद दाराआड, माईकसमोर बसून बोलली होती. कुणी धरून नेलं, वाट कुणी दाखवली, बरोबर कोण होतं, वाटेत कोण राहिलं, सगळं. हे आत्ताच लोकांना ऐकवलं तर पुन्हा कोयते निघतील, असं तेव्हा थोरांनी ठरवलं आणि आवाज बंद करून ठेवले. ते येत्या सोमवारी थोरांच्या बैठकीत उघडायचे होते. आणि शुक्रवारी डिस्क गेली.

सार्जंट लामारोने हे प्रकरण मागून घेतलं. साहेब म्हणाले, "तुझा भाऊ त्यातलाच ना? तू नको पडूस यात."

"त्यातला आहे म्हणूनच पडते, साहेब," ती म्हणाली. "दुसरा कुणी माझ्याइतकं शोधणार नाही."

साहेबांनी हात झटकले. खरं होतं ते. ओचानला शाळेच्या वसतिगृहातून नेलं तेव्हा लामारो लहान होती. त्याच्याबरोबर नेलेल्यांपैकी काही परतले. ओचान ना परतला, ना त्याची खबर आली. मेला म्हणावं तर कुणी बघितलं नाही, जिवंत म्हणावं तर कुणाला भेटला नाही. आईने त्याचा अखेरचा विधी अजून केला नव्हता. त्या आवाजांत कुठेतरी एखादा पोरगा म्हणाला असेल, "ओचान माझ्याबरोबर होता, त्याचं असं असं झालं." तेवढ्या एका वाक्यासाठी या मायलेकी सोमवारकडे डोळे लावून बसल्या होत्या.

केंद्राच्या मागच्या खोलीत सर्व्हरची काळी पेटी होती. तिला चार खण. तीन खणांत डिस्का, चौथा दात पडल्यासारखा रिकामा. त्याच्या तोंडाशी एक खिटी चिकटपट्टीने दाबून ठेवली होती. लामारोने सहज पट्टी उचलली, तशी पेटी कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारू लागली.

"सोडा, सोडा मॅडम!" यंत्रं सांभाळणारा न्येको धावला आणि त्याने पट्टी पुन्हा दाबली. "खण रिकामा राहिला की अशी बोंबलते ही. भिंतीपलीकडे स्टुडिओ आहे, सगळं माईकवर जातं."

हा न्येको म्हणजे राजधानीतून, कंपालाहून शिकून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला पोरगा. पण आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कधी कळलं?"

"सकाळी आलो तेव्हाच. रेडिओ बंद पडला होता. बघतो तर खण रिकामा."

"आणि पोलिसांना कळवलं दुपार टळल्यावर?"

"आधी रेडिओ चालू करायचा होता ना, मॅडम. आमचे प्रमुख लादित लाबेजा डोक्यावर उभे होते."

मेगो अचिरो चहा घेऊन आली. केंद्रात झाडलोट आणि चहापाणी बघणारी ही म्हातारी लामारोच्याच वाडीतली, तिच्या आईच्या वयाची. मेगो म्हणजे आई. सगळं गाव तिला त्याच नावाने हाक मारी. तिचा पोरगा ओलाराही ओचानबरोबरच धरून नेला होता. तो परतला, पण पुन्हा सीमेपलीकडे जुबाकडे कामाला म्हणून गेला, तो गेलाच.

"घे पोरी, आलं घातलंय," ती म्हणाली. "डोळे किती ओढलेत तुझे. आई बरी आहे?"

"बरी आहे, मेगो. तुम्ही दिलेलं तिळाचं वाटण खाते रोज."

मेगो कप ठेवून गेली. न्येकोने कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"एक सांगायचंय, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "चोराने नुसती डिस्क नेली. आवाज... आवाज मी खोडले."

२

लामारोने वही उघडली. समोरचा माणूस बोलू लागला की आपण गप्प बसायचं, हे ती नोकरीत शिकली होती.

"चार भाऊ एका कुटुंबात राहतात ना, तसं असतं हे," न्येको सांगू लागला. "चौघांची जमीन एकत्र, यंत्राला ती एकच दिसते. त्यातला एक भाऊ दिसेनासा झाला की यंत्र अडून बसतं. कुटुंबच पुरं नाही, म्हणतं, मी दार उघडणार नाही. गाणी, जाहिराती, बातम्या सगळं त्याच गटात. मग एक हुकूम द्यावा लागतो. हरवलेल्याला गटातून काढून टाक. त्याचं नाव गेलं की उरलेले तिघे कामाला लागतात."

"आणि हरवलेल्याच्या वाट्याला जे होतं ते?"

"तेही जातं. आवाज सगळे त्या एकाच डिस्कवर होते. म्हणून यंत्र आधी नाही म्हणालं. मी जबरदस्ती केली." त्याने नाक पुसलं. "काय करणार? डिस्कच नव्हती खणात."

लामारोने बाकीच्यांना एकेक करून गाठलं. कळवायला दुपार का टळली हे तिला खटकलं होतं, म्हणून रात्रीबरोबर दुपारचंही ती विचारत गेली.

लादित म्हणजे साहेब. केंद्रप्रमुख लादित लाबेजा हा पोट सुटलेला, गोड बोलणारा गडी. "अरेरे, सार्जंटबाई, माझं तर काळीज फाटलं," असं म्हणत त्याने रुमालाने मान पुसली. दुपारी तो कुठे होता, तर कोमाकेचच्या हॉटेलात जेवायला.

"कोमाकेच?" लामारोने भुवई उंचावली. लढाईत हाच कोमाकेच पोरं पळवणाऱ्या टोळीला धान्य विकायचा, कुठल्या शाळेवर पहारा नाही तेही त्यानेच सांगितलं, असं गावात कुजबुजत बोललं जाई. आज त्याचं दोन मजली हॉटेल होतं. "सोमवारी त्याचं नाव निघणार आणि शुक्रवारी तुम्ही त्याच्याकडे मासा खाताय?"

"जाहिराती देतो तो. पाण्यात राहून माशाशी वैर करू का मी?"

कोमाकेच स्वतः हॉटेलाच्या ओट्यावर बसून दात कोरत होता. "मीच नेली असं लिही की," तो म्हणाला. "गावाला बरं वाटेल. पण दुपारभर लाबेजा आणि मी इथेच होतो. शंभर डोळ्यांनी बघितलंय. अगं, मला ती डिस्क हवी असती तर पेटीसकट नेली असती."

तो खोटं बोलत नव्हता. वाढपी, गिऱ्हाइकं, गाडी धुणारा, सगळ्यांनी तेच सांगितलं. त्याचा आनंद मात्र लपत नव्हता, आणि लामारोला तेच जास्त झोंबलं.

शेवटी लालाम, निवेदिका. दुपारच्या मृत्यूच्या बातम्या हीच वाचायची. कोण गेलं, कुठे पुरणार, कुणी कुणी यायचं. जिल्हाभर लोक हातातलं काम टाकून त्या ऐकत. कागद घेऊन आलेली माणसं खिडकीबाहेर रांगेत उभी राहत आणि दार आतून लावलेलं असे.

"आज दुपारी आत कोण होतं?"

"मी एकटी. न्येको खानावळीत, साहेब बाहेर. मी एकदाही उठले नाही, अख्ख्या जिल्ह्याने माझा आवाज ऐकलाय. मध्ये चहा तेवढा आला." लालाम रडकुंडीला आली होती. "सार्जंट, ते आवाज मीच तेव्हा भरून घेतले होते. पोरं बोलायची आणि मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. ज्याने नेलेत त्याला देव बघून घेईल."

"सकाळी तुला काय कळलं?"

"सोमवारसाठी एक आवाज तपासायचा होता, म्हणून न्येकोला हाक मारली. म्हणाला, ते आवाजच गेले आता, विसरा."

सगळे खरं बोलताहेत असं वाटत होतं, आणि डिस्क तर गेली होती. टेकडी उतरताना लामारोच्या मनात एकच हिशेब घोळत होता. आवाज गेले म्हणजे ओचानची शेवटची खबरही गेली. आणि हे आता आईला सांगायचं होतं.

३

आई अंगणात रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती. चुलीवर मलाक्वांगची आंबट भाजी शिजत होती. लामारोने सांगितलं. आईने रेडिओचा आवाज कमी केला, इतकंच.

"सापडेल," ती म्हणाली.

"आई, सापडली तरी न्येकोने खोडलंय सगळं."

"खोडून काय होतं? ओचानचं नाव शाळेने हजेरीतून खोडलं, म्हणून काय तो माझ्या पोटी आला नव्हता?" आईने भाजी ढवळली. "आणि त्या केंद्राला म्हणावं, यंत्रं नीट करा आधी. आज मेल्या माणसांच्या बातम्या चालल्या होत्या आणि मागे शिट्टी काय वाजत होती! त्या बिचाऱ्या पाबो गावच्या म्हातारीचं नाव नीट ऐकूसुद्धा आलं नाही."

लामारो अर्धवट उठली. "शिट्टी? कधी?"

"दुपारी गं. मृत्यूच्या बातम्यांत."

"सकाळी नव्हती?"

"सकाळी कुठली? उठल्यापासून रेडिओ माझ्या मांडीवर आहे. मध्ये बंद पडला होता तेवढा. मग गाणी लागली, बातम्या लागल्या, सगळं स्वच्छ. दुपारी ही शिट्टी लागली, ती लालामच्या सगळ्या बातम्या संपेपर्यंत."

लामारोने कपाळावर हात मारला. शिट्टी खण रिकामा झाला की वाजते. सकाळी खण रिकामा असता तर सकाळच्या कार्यक्रमामागे ती वाजली असती. आणि न्येकोने आवाज खोडले ते सकाळी, लालामने विचारायच्या आधी.

म्हणजे खोडलं तेव्हा डिस्क खणातच होती.

४

"किती वेळ शोधलंस रे तिला?" शनिवारी सकाळी लामारोने न्येकोसमोर खुर्ची ओढली.

"कुणाला, मॅडम?"

"हरवलेलीला. नाव खोडण्याआधी किती वेळ शोधलंस? खोटं बोलू नकोस, तुझी शिट्टी सगळ्या जिल्ह्याने ऐकली आहे."

न्येकोची पाचावर धारण बसली. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग दोन्ही हातांत तोंड झाकलं.

"चहा संपेपर्यंत," तो म्हणाला.

"आणि ती होती कुठे?"

"खणातच. माझ्यासमोर." तो रडायलाच लागला. "यंत्राला दिसत नव्हती, एवढंच. या उन्हाळ्यात खोली भट्टी होते, पंखा बिघडलाय, जुनी डिस्क तापली की गप्प होते. यंत्र म्हणालं हरवली, मी म्हटलं हरवली. साधी बाहेर काढून थंड करून परत घातली असती तरी कदाचित बोलली असती. पण लाबेजासाहेब ओरडत होते, जाहिराती चुकताहेत म्हणून. मी घाई केली. मग कळलं की काय करून बसलो. जेवायला गेलो, ताट तसंच ठेवून उठलो. परत आलो तर खण रिकामा, शिट्टी चालू. मला वाटलं, देवच पावला. आता म्हणता येईल की चोरी आधी झाली."

"शाबास! माणसं इथे आपल्या पोरांची वाट बघता बघता म्हातारी झाली, आणि तुला एक कप चहा पुरला."

न्येकोने बाहीने डोळे पुसले. त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, एक आहे पण. यंत्र काही खोडायच्या आधी जुनी मांडणी स्वतःच जपून ठेवतं. कुठला भाऊ कुठे, कुणाचा वाटा किती. आणि डिस्कवरचं तर मी काही पुसलेलं नाही, फक्त तिला घरातून काढलंय. ती परत मिळाली, थोडा वेळ जरी चालली, तर जुनी मांडणी लावता येईल. सगळे आवाज जागच्या जागी असतील."

"मिळाली तर."

"मिळाली तर."

"खोडताना खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणीच नाही," न्येको म्हणाला, आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

लामारो बाहेर आली. ओसरीत लालाम स्वतःच स्टोव्हवर पाणी ठेवत होती.

"मेगो नाही आली?"

"अंग दुखतंय म्हणून निरोप धाडलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

५

घरी आईने एक पातेलं पुढे केलं. "अचिरोचं आहे. परत देऊन ये. रिकामं नको देऊस, शेंगा घातल्यात. आजारी आहे म्हणतात ती."

मेगोची झोपडी वाडीच्या टोकाला होती. लामारो आवारात शिरता शिरता थबकली. वाटेवर, अगदी आत पाऊल टाकायच्या जागी, फुटलेलं अंडं पडलं होतं. पिवळा बलक मातीत वाळला होता आणि शेजारी ओपोबो झाडाची सोललेली, निसरडी डहाळी होती.

हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुणी फार दिवस दुरावलेलं, परक्या मुलखात भटकलेलं घरी परतलं, की त्याने आत येण्याआधी अंड्यावर आणि या डहाळीवर पाय द्यायचा. बाहेरचं जे काही अंगाला चिकटलंय ते बाहेर राहतं, माणूस आपला होऊन आत येतो. लढाई संपली तेव्हा वाडीवाडीत अशी अंडी फुटली होती. लामारोच्या आईनेही तेव्हा एक अंडं राखून ठेवलं होतं.

ओलारा आला? क्षणभर तिला तसंच वाटलं. पण ओलारा आला असता तर बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकून वाडी डोक्यावर घेतली असती. इथे कुत्रंही भुंकत नव्हतं. दाराला आतून कडी होती.

कुणी तरी घरी आलं होतं, आणि गुपचूप आलं होतं. ज्याला पाय नाहीत, ज्याचं अंडं दुसऱ्यानेच फोडावं लागतं, असं काहीतरी.

"मेगो," तिने दारावर थाप मारली. "मी लामारो. दार उघडा."

६

म्हातारी दारात आली. तिने आधी पातेल्याकडे बघितलं, मग लामारोच्या तोंडाकडे.

"कोंबडीने टाकलं ते अंडं," ती म्हणाली.

"आणि डहाळीही कोंबडीने सोलली?"

मेगोने पातेलं हातातून घेतलं. लामारो उंबऱ्यावरच बसली. तिला ओरडावंसं वाटत नव्हतं. या बाईच्या हातचं खाऊन ती वाढली होती.

"शिट्टी दुपारी वाजली, मेगो. म्हणजे डिस्क दुपारी काढली. तेव्हा दार आतून लावलेलं होतं, बाहेरचा कुणी आत येणं शक्यच नव्हतं. न्येको खानावळीत. लाबेजा कोमाकेचच्या पंगतीला. लालाम माईकसमोर, ती उठली असती तर जिल्ह्याला कळलं असतं. आत कोण होतं विचारलं तर ती म्हणते कुणी नाही, फक्त चहा आला. न्येकोही म्हणतो कुणी नव्हतं, पण चहा संपेपर्यंत शोधलं. चहाला पाय नसतात. तो कुणीतरी आणतं."

मेगो आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पोरसवदा मापाचा एक निळा शर्ट होता आणि त्यात गुंडाळलेली डिस्क.

"मी विचारलं त्या न्येकोला," ती म्हणाली. "म्हटलं, काय झालं रे तिला? म्हणाला, मेगो, हरवलेल्यांत जमा झाली, आता यंत्राच्या लेखी ती कधी नव्हतीच. मग मला वाटलं, कुणाची नाहीच तर माझी. माझ्या ओलाराचा आवाज आहे त्यात. नदीत टाकायला म्हणून आणली होती, पोरी. खरं सांगते. पण टाकवेना. पोराचा आवाज कशी टाकू? म्हणून घरात घेतली."

"नदीत का टाकायची होती?"

म्हातारी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली. तिने लामारोचा हात धरला. तिचा हात गार होता.

"सोमवारी तू ते यंत्राकडून ऐकशील. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. तो बोलला तेव्हा मी दाराबाहेर चहा घेऊन उभी होते. सगळं ऐकलं मी." तिने मोठा श्वास घेतला. "ओचान पळून जात होता. धरला त्याला. मग त्याच्या वाडीचा कोण आहे म्हणून विचारलं. ओलाराला पुढे काढलं, त्याच्या हातात दांडकं दिलं. म्हणाले, तू मार, नाहीतर दोघेही. माझ्या पोराने मारलं गं. तुझ्या भावाला माझ्या पोराने मारलं. त्याला तिथेच, आस्वा नदीच्या काठाला..."

म्हातारीने निळा शर्ट तोंडाला लावला.

लामारोच्या कानात गरम वारं भरल्यासारखं झालं. इतकी वर्षं जे एक वाक्य हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळाल्यावर कळलं की ते नकोच होतं. तिला त्या म्हातारीचा राग आला, भयंकर राग आला. आमच्या अंगणात बसून, आमच्या आईला तिळाचं वाटण भरवून, ही हे पोटात ठेवून होती!

"आईने ओलाराला विचारलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "आमच्या दारात. तो म्हणाला, मी नाही बघितलं ओचानला."

"म्हणूनच तर तो जुबाला गेला. तुझ्या आईच्या दारावरून जाता येईना त्याला." मेगोने शर्ट पुढे केला. "हे ने, नाहीतर नदीत टाक. आता तू सांगशील तसं. यंत्राने तर खोडलंच आहे. तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणार नाही. तुझी आई वाट बघत राहील, आणि माझा पोरगा कधी परत आला तर त्याला कुणी दगड मारणार नाहीत."

डिस्क लामारोच्या हातात होती. नदी फार लांब नव्हती.

७

रविवारी उजाडताच, ऊन चढायच्या आत, लामारोने न्येकोला झोपेतून उठवून केंद्रात नेलं. कुठून आणली, कशी आणली, त्याने विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून त्याची विचारायची छातीही झाली नसती. दोघांनी खिडक्या उघडल्या. लालामच्या घरचा पंखा आणून पेटीसमोर लावला. पट्टी काढली तशी शिट्टी सुरू झाली; डिस्क खणात गेली, शिट्टी थांबली. न्येकोने जुनी मांडणी शोधून काढली आणि परत लावायचा हुकूम दिला.

पडद्यावर बराच वेळ काहीच नाही. मग चौथ्या भावाचं नाव आलं.

"आली," न्येको म्हणाला. "घरात आली, मॅडम." तो लगेच सगळे आवाज दुसऱ्या जागी उतरवून घेऊ लागला. मध्ये डिस्क दोनदा घुटमळली. लामारो भिंतीला टेकून उभी होती. डिस्क तिसऱ्यांदा घुटमळली आणि पुन्हा चालली तेव्हा तिला स्वतःचंच कळेना, की बरं वाटतंय की वाईट.

नदी तिने टाळली ती काही कायद्याच्या धाकाने नव्हे. त्या डिस्कवर ओलारा एकटा नव्हता. कितीतरी पोरं होती आणि कितीतरी अंगणांत बायका बसल्या होत्या. त्यांचं वाक्य त्यांना मिळायला हवं. गोड असो की विखारी, त्यांचं आहे ते. आणि कोमाकेच सोमवारी दात कोरत बसायला नको.

अहवालात तिने लिहिलं की डिस्क तापून बंद पडली होती, केंद्राच्याच एका कर्मचाऱ्याने ती तापलेल्या खोलीतून हलवून घरी जपून ठेवली होती. न्येको म्हणाला, "माझ्या खोटेपणाचं काय, मॅडम?"

"ते तू थोरांसमोर उभा राहून सांगशील. पुढच्या वेळी कुणाचं नाव खोडायच्या आधी खणात हात घालून बघ, गाढवा."

मग ती घरी आली. वाटेत तिने शब्द जुळवले होते. अंगणात पाऊल टाकताच ते सगळे पळाले. आई रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती. लामारो तिच्या पायाशी बसली आणि जे होतं ते सांगितलं. नदीचा काठ, दांडकं, ओलारा, काहीच गाळलं नाही.

आईने रेडिओ बंद केला. तो दिवसा कधी बंद केलेला लामारोला आठवत नव्हता.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"तो पोरगा या दारात उभा राहिला आणि मी विचारलं, ओचानला बघितलंस का. त्याने नाही म्हटलं, पण मान वर केली नाही. त्या दिवशीच कळलं मला. कसं झालं ते नाही, पण ओचान गेला आणि याच्यासमोर गेला, एवढं कळलं."

लामारोला रडू आवरेना. "मग इतकी वर्षं का बसलीस? विधी का नाही केलास? मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? एका पोराने खाली बघितलं म्हणून माझा पोरगा मेला, असं सांगू? आई असं कबूल करत नाही, लामारो. कुणीतरी तोंडाने म्हणावं लागतं. नावानिशी म्हणावं लागतं." आईने पदराने लेकीचं तोंड पुसलं, अगदी लहानपणी पुसायची तसं. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. "कुणी म्हटलं? यंत्राने?"

"नाही. मेगो अचिरोने. तिने स्वतः सांगितलं."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायात चपला सरकवू लागली.

"कुठे निघालीस?"

"तिच्याकडे. थोर मंडळी बसतील, दोन्ही घरांना समेटाचं, कडू मुळीचं पाणी पाजतील, ते होईल तेव्हा होईल. आज ती एकटी बसली असेल." आईने दुसरी चप्पल घातली. "तिचा पोरगा अजून हरवलेलाच आहे, लामारो. माझा आता नाही."